शेणखताची ज्वारी

गुलाम रसूल चाचांनी मूठभर ज्वारी सिंधूच्या ओंजळीत ओतली. "भाव नंतर इचारा सिस्टर, आधी वास घ्या. निस्त्या शेणखतावरची हाय. फवारा न्हाई, दुकानचं खत न्हाई."

"अन् भाव?"

चाचांनी सांगितला. सिंधूने ज्वारी हळूच पोत्यात परत सोडली.

लातूर जिल्हा होऊन सहा महिने झाले होते. कचेऱ्या आल्या, साहेब आले. पाऊस तेवढा आला नाही. असली ज्वारी आता बंगल्यांवर जायची, आणि सिंधूसारख्या दवाखान्यातल्या नर्सच्या घरी हायब्रीड. त्या भाकरीचा घास तिची आई धुरपताबाई तोंडात घोळवायची आणि ताटाच्या कडेला काढून ठेवायची. तापातून उठल्यापासून म्हातारी दिवसेंदिवस वाळत चालली होती.

"औशाकडं नीलाबाईचं रान हाय, तिथलाच माल," चाचा म्हणाले. "काढणी चालू हाय. मजुरी कणसांत देती. पर तुमी थोडंच..."

"का? मला हात न्हाईत?"

रविवारी पहिल्या बसने सिंधू रानात हजर.

"अगं बया, ज्वारीला सुई टोचायला आली का काय!" दवाखान्यातल्या सिस्टरला ओळखून बायका खिदळल्या. सिंधूही हसली आणि पदर खोचून ओळीला लागली. ज्वारीचं ताट मुळासकट उपटायचं, माती झटकायची, आडवं टाकायचं. जमीन दगडासारखी झालेली. दुपारपर्यंत तळहात सोलले. पण शेजारच्या ओळीत नीलाबाई आदल्या दिवशीचं कीर्तन असं रंगवून सांगत होती, की देव भक्ताच्या दारी जेवायला बसेपर्यंत सिंधूला कमरेची आठवणच झाली नाही.

बोलता बोलता सिंधूच्या आईचं दुखणंही नीलाबाईला कळलं होतं; दिवस कलला तशी तिने सिंधूच्या पिशवीत कणसं कोंबायला सुरुवात केली. "म्हातारीसाठी जास्तीची ने, पोरी."

"न्हाई मावशी. उपटलं तेवढ्याचीच द्या."

"लई ताठ हाईस गं! बरं, तेवढीच देते. पर निवडून द्यायचा हक माझा." आणि तिने भरलेली कणसं हुडकून हुडकून घातली.

दोन दिवसांनी घरात ताजं पीठ आलं. सिंधूने उंडा परातीत थापायला घेतला, पण फोड झोंबले आणि भाकरी मधोमध फाटली.

"सरक बाजूला."

भिंतीला धरत धुरपताबाई चुलीपाशी आली होती. "माय, तू कशाला..." म्हणेपर्यंत तिने परात ओढलीसुद्धा.

पहिली भाकरी तिने लेकीच्या ताटात टाकली. दुसरी स्वतःसाठी भाजली आणि तिथेच बसून, नुसत्या मिठाशी, सावकाश संपवली. मग पिठाकडे जरा वेळ बघितलं आणि आणखी एक उंडा मोडून घेतला.