सूर्यमण्याची चोरी

साहेबांनी सूर्यमणी टॉवेलात गुंडाळून आणला आणि तिथंच वहिनींचं डोकं फिरलं. कमरेपर्यंत रोबोट आणि वर जुना टी-शर्ट, अशा अवस्थेत त्या स्टुलावर बसल्या होत्या. रोबोटचं डोकं मांडीवर होतं. ते त्यांनी खाली ठेवलं.

“टॉवेल कशाला, साहेब?”

“कशाला म्हणजे? गरम आहे जरा.”

“जरा गरम आहे म्हणून तुम्ही टॉवेलानं धरता. आणि खेळ संपल्यावर पोरांच्या हातात तसाच देता?”

“तुम्हाला काय होतंय? तुम्ही तर हातमोजे घालता.”

आता अशा माणसाला काय बोलायचं! साहेबांनी तोवर मणी टेबलावर ठेवला, टॉवेलाची नीट घडी घातली आणि ती खांद्यावर टाकली. टापटिपीत माणूस एक नंबर होता.

मॉलच्या तळमजल्यावर शनिवार-रविवारी साहेबांचा हा खेळ व्हायचा. दुष्ट अंधारासुर सूर्यमणी चोरून पळतो, महावज्र आणि वेगदूत हे दोन रोबोट त्याचा पाठलाग करतात, कारंज्याजवळ त्याला पकडतात आणि जग वाचवतात. मग फोटो. मुलं खेळ बघायला यायची हे खरं, पण रांग लागायची ती मण्यासाठी. फुटबॉलएवढा केशरी गोळा मांडीवर घेऊन, महावज्राच्या कुशीत शिरून फोटो काढायचा, यासाठी पोरं आईबापांना फरफटत आणायची.

या मण्यात अख्खी पृथ्वी जाळून टाकण्याची शक्ती आहे, असं स्पीकरवरचा जाडा आवाज दर खेळाला सांगायचा. प्रत्यक्षात त्यात एक दिवा होता आणि एक बॅटरी. बॅटरी फुगली होती. ती इतकी फुगली होती की तळाचं झाकण वर उचललं गेलं होतं, आणि साहेबांनी ते चिकटपट्टीनं दाबून बसवलं होतं. वहिनींनी सांगून झालं, त्यांच्या दिरानं सांगून झालं. नवीन येतेय, हे एकच उत्तर.

“येतेय म्हणजे काय, चालत येतेय का?” वहिनींनी आता विचारलं. “आज फोटोला मणी नको. नुसता माझ्याबरोबर काढा म्हणावं.”

“तुमच्याबरोबर?” साहेब हसले. “वहिनी, तुम्हाला बघायला कोण येतं? मुलांना मणी हवा असतो. आणि मुलांना हवं ते द्यायचं, हेच आपलं काम.”

वहिनींच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्यांनी दिराकडे पाहिलं. भाऊजी कोपऱ्यात बसून बुटाची नाडी बांधत होते. अंधारासुराचं काम तेच करायचे. एरवी हा माणूस एवढी बडबड करायचा की पैलवान, म्हणजे वेगदूताच्या आत शिरणारा तो काडीसारखा माणूस, कानात बोटं घालून बसायचा. आज भाऊजींनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती.

“भाऊजी, तुम्ही तरी बोला की काहीतरी!”

“काय बोलायचं, वहिनी? उशीर होतोय. डोकं घाला.”

घ्या! म्हणजे हाही फिरला. काल रात्री घरी जेवताना हाच माणूस तावातावानं सांगत होता, असला धोंडा पोरांजवळ जाऊ देणार नाही म्हणून. आणि साहेबांसमोर आला की शेपूट आत. वहिनींना साहेबांपेक्षा त्याचाच राग जास्त आला. अर्थात, घरचं त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. नवरा कमरेच्या दुखण्यानं घरी पडून होता, आणि घर चालत होतं ते एका रोबोटवर आणि एका राक्षसावर. दिरानं मान खाली घातली तर त्यात नवल नव्हतं. पण राग यायचा तो आलाच.

त्यांनी महावज्राचं डोकं घातलं. पैलवानानं मागून पट्टे आवळले.

आत शिरलं की जग म्हणजे रोबोटच्या तोंडाच्या जाळीतून दिसेल तेवढंच. बोलायचं नाही, कारण महावज्राचा आवाज स्पीकरमधून यायचा, आणि तो पुरुषाचा होता. घाम वहिनींचा, टाळ्या त्या आवाजाला. आत कितीही ओरडलं तरी फोमच ऐकून घ्यायचा. वहिनी याचा पुरेपूर फायदा घेत. साहेबांना त्या आतून काय काय म्हणत, ते बाहेर ऐकू गेलं असतं तर खेळ केव्हाच बंद पडला असता.

बाहेर गर्दी होती. पुढच्या रांगेत एक पिवळ्या फ्रॉकमधली मुलगी उड्या मारत होती.

“मी पहिली! मणी मीच पहिली धरणार!”

“बाई गं, नको धरूस,” वहिनी आत म्हणाल्या.

अंधारासुर आला. झगा फडकावला, गडगडाटी हसला, चौथऱ्यावरचा मणी उचलला आणि पळाला. पोरांनी किंकाळ्या फोडल्या. “थांब, दुष्टा!” स्पीकर गरजला, आणि दोन्ही रोबोट धावले. धावले म्हणजे, त्या अंगानं जमेल तेवढं.

कारंज्याला एक वळसा घालून भाऊजींनी ठेच लागल्यासारखं करायचं आणि पडायचं, असं ठरलेलं होतं. त्यांनी वळसा घातला. ठेच लागली नाही. कारंज्याजवळ उलट पैलवानच घसरला आणि उताणा पडून हातपाय हलवत राहिला. लोक हसून हसून बेजार झाले. भाऊजी थांबलेच नाहीत. बुटांच्या दुकानावरून, सरकत्या जिन्याखालून ते सरळ मागच्या बाजूला निघाले.

“अहो, कुठं चाललात?” वहिनींना धाप लागली होती. “चेकाळलाय नुसता! बोलायची वेळ आली तेव्हा दातखीळ, आणि इथं पोरांसमोर शायनिंग. आज घरी चला तुम्ही. नाही तुम्हाला उपाशी झोपवलं तर!”

मुलं मात्र वेडी झाली होती. असा पाठलाग त्यांनी कधी पाहिला नव्हता. ती महावज्राच्या पुढं पळाली, आणि मागच्या दाराशी त्यांनी अंधारासुराला गाठलं. दारात रखवालदार उभा होता. एरवी तो बिचारा दिवसभर भिंतीला पाठ लावून कंटाळायचा. आज त्यालाही चेव आला. त्यानं दोन्ही हात पसरून वाट अडवली.

“इथून पुढं जाता यायचं नाही!” तो पोरांकडे बघून डोळा मारत म्हणाला.

“बाजूला हो!” भाऊजी ओरडले. “अरे, सोडा रे मला! लांब व्हा सगळे, लांब!”

पोरं झग्याला लोंबकळत होती. पिवळ्या फ्रॉकवालीनं त्यांच्या मांडीला मिठी मारली होती. भाऊजींनी झग्याच्या टोकात धरलेला मणी डोक्यावर उंच नेला आणि ते पुन्हा ओरडले. आवाज फाटला होता.

“काय अ‍ॅक्टिंग करतो यार,” फोन वर धरून एक बाप म्हणाला.

वहिनी पोचल्या. त्यांनी काही विचार केला नाही. रागानं पुढं होऊन महावज्राच्या दोन्ही पंजांनी तो मणी वरच्या वर काढून घेतला. एकच जल्लोष झाला. तिकडे आवाजाच्या टेबलावरच्या माणसानं बटण दाबलं आणि जाडा आवाज सगळ्या मॉलभर घुमला. “सूर्यमणी आमच्या हाती आला आहे! पृथ्वी सुरक्षित आहे!”

तेव्हा वहिनींना भाऊजींचा हात दिसला. तळवा लालभडक होता, आणि बोटांच्या मुळाशी कातडी फुगून वर आली होती. मग चिकटपट्टी दिसली, एका बाजूनं सुटलेली. मग वास आला. गोडसर, नाकात चढणारा. त्यांच्या पंजांना काहीच जाणवत नव्हतं, चांगला जाड फोम होता.

भाऊजींनी तोंड जाळीजवळ आणलं.

“वहिनी, द्या इकडे. बाहेर आवारात वाळूची बादली भरून ठेवलीय मी.”

“मग आधी बोलला का नाहीत?” वहिनींनी जाळीला तोंड लावून विचारलं.

“तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही आला असता माझ्याबरोबर. एकाची तरी नोकरी राहू दे म्हटलं घरात. द्या लवकर.”

एवढा वेळ या माणसाला आपण काय काय बोललो, ते सगळं वहिनींना एकदम आठवलं. आणि ते त्याला ऐकू गेलं नाही, याबद्दल त्यांनी त्या फोमचे आभार मानले.

“चला, चला! रांग करा!” गर्दीतून वाट काढत साहेब आले. खांद्यावर टॉवेल नव्हता. लोकांसमोर टॉवेल बरा दिसला नसता. “मण्याबरोबर फोटो! कोण पहिलं?”

“मी!” पिवळ्या फ्रॉकवाली राक्षसाची मांडी सोडून पुढं आली. तिनं दोन्ही तळवे जुळवून समोर धरले.

“महावज्र, दे बरं हिला मणी,” साहेब गोड आवाजात म्हणाले. ते स्वतः दोन पावलं लांबच उभे होते. मणी घ्यायला त्यांनी हात पुढं केला नाही.

हे वहिनींनी पाहिलं. बॅटरी फुगलीय ते कळत नव्हतं म्हणून नव्हे, भाबडेपणानं नव्हे, या माणसाला सगळं कळत होतं. स्वतःचे हात खिशात घालून तो हे सांगत होता. आणि समोर ते दोन तळवे होते, गुलाबी, पेनाच्या शाईचा डाग पडलेले, आणि ते अजिबात हलत नव्हते.

महावज्रानं पाठ फिरवली आणि सूर्यमणी अंधारासुराच्या हातात दिला.

रखवालदाराचे पसरलेले हात तसेच राहिले. वहिनींनी त्याला कमरेनं असा धक्का दिला की तो बाजूच्या कुंडीवर जाऊन बसला. त्यांनी दार ढकललं, भाऊजी झगा सावरत बाहेर पळाले, आणि दार लोटून घेऊन वहिनी त्याला पाठ लावून उभ्या राहिल्या.

“चीटर!” मागून कोणीतरी पोरगं ओरडलं.

मग सगळीच ओरडू लागली. महावज्र चीटर आहे! महावज्र अंधारासुराला सामील आहे! कोणी पाण्याची बाटली फेकली, ती छातीवर आपटून खाली पडली. एक लहानगा भोकाड पसरून रडत होता. फोनवाल्या बापानं फोन खाली घेतला होता.

“अहो, काय दाखवताय हे मुलांना? काही संस्कार वगैरे आहेत की नाही?”

“माफ करा, माफ करा, थोडी गडबड झाली,” साहेब सगळीकडे हसत म्हणाले. मग ते महावज्राच्या अगदी जवळ आले. हसू तोंडावर तसंच होतं. “आता परत यायचं नाही इथं. दोघांनीही. दारातून हला.”

“नाही हलत,” वहिनी म्हणाल्या. “आणि आम्हाला काढणारा कोण तू, मेल्या? तुझ्या पोरीच्या हातात देशील का तो? देऊन दाखव.” बाहेर काही ऐकू गेलं नाही. महावज्र हात पसरून उभाच राहिला.

तेवढ्यात दारापलीकडून फट्ट असा आवाज आला, आणि मागोमाग काहीतरी जोरानं फुसफुसत राहिलं. पोरांच्या कलकलाटात तो फारसा कोणाला कळला नाही. साहेबांना कळला. ते झटकन मागं सरले. वहिनींना वाटलं, आता तरी हा माणूस काही म्हणेल. निदान पोरांना मागं घेईल. साहेबांनी मान वळवली, आवाजाच्या टेबलाकडे पाहिलं आणि हाताचा तळवा वर वर नेत खूण केली. गाणं मोठं करा.

गाणं मोठं झालं.

वहिनींनी डोकं मागं टेकवून दाराला कान लावायचा प्रयत्न केला. फोममधून काय ऐकू येणार? आईविना वाढलेलं पोर, लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा हा शाळेत जायचा. दारावर बाहेरून थाप पडली. मग आणखी एक.

“वहिनी!” भाऊजी बाहेरून बेंबीच्या देठापासून ओरडत होते. “पुरला वाळूत! मी बराय! धूर आहे, दार उघडू नका अजून!”

वहिनींनी डोळे मिटले. जाळीतून दिसणारं जग क्षणभर गेलं.

ते परत आलं तेव्हा पिवळ्या फ्रॉकवाली पायाशी उभी होती. ती रडत नव्हती. तिचा चेहरा रागानं लाल झाला होता. तिनं दोन्ही मुठी आवळल्या आणि महावज्राच्या गुडघ्यावर दणादण मारायला सुरुवात केली.

“तू वाईट आहेस! तू वाईट आहेस!”

तिची आई तिला मागं ओढायला आली. वहिनींनी पसरलेला एक पंजा हलवून तिला थांबवलं. मग मान वाकवून त्या जाळीतून बघत राहिल्या. दोन्ही मुठी वर जात होत्या, खाली येत होत्या. त्या हातांवर कुठं ओरखडासुद्धा नव्हता.

“मार, बाई,” त्या आत म्हणाल्या. “मार. मार अजून.”