निकड सिद्ध होत नाही

अनुदान समितीत बाईंचा दरारा होता. भूशास्त्राच्या प्राध्यापिका, नऊ वर्षं तज्ज्ञ परीक्षक. कच्चा प्रस्ताव त्यांच्या तावडीतून कधी सुटला नव्हता.

त्या वर्षी वाट्याला चौदा प्रस्ताव आले. अकरावा एका टेकडीचा. अर्जदाराचं नाव, गाव झाकलेलं, नियमच तसा. टेकडीचा उतार वर्षात सात मिलिमीटर सरकलाय, वेग वाढतोय का ते बघायला यंत्रं हवीत, एवढंच म्हणणं. मोजणी तुटपुंजी, भाषा अडखळती. बाईंना बाहेर जायची घाई होती. 'निकड सिद्ध होत नाही' असा शेरा मारून, दहापैकी चार गुण देऊन त्या मोकळ्या झाल्या. प्रस्ताव बाद झाला.

निकालानंतर नावं उघड झाली, तेव्हा त्यांनी गावाचं नाव दोनदा वाचलं. टेकडी त्यांच्या ताईच्या घरामागची होती.

"ताई, घर ठीक आहे ना?" त्यांनी तडक फोन लावला.

"घराला काय धाड भरलीय? मागचं दार तेवढं लागत नाही. सुतार म्हणतो, दार सरळ आहे, चौकटच वाकडी होतेय."

बाईंनी फोन ठेवला. त्यांनी अर्जदाराला गाठलं. तो एका छोट्या कॉलेजातला मास्तर. जराही न चिडता म्हणाला, "सात कधीच मागे पडले, बाई. या एका महिन्यात नऊ झालेत."

त्या समितीच्या अध्यक्षांकडे धावल्या. "माझं चुकलं. घाईत वाचलं मी. त्या टेकडीखाली माझ्या ताईचं घर आहे."

"बहिणीचं घर निघालं म्हणून चुकलं?" अध्यक्ष शांतपणे म्हणाले. "आता तर नात्यामुळे तुम्हाला यावर बोलताही येणार नाही. पुढच्या वर्षी करू दे त्याला अर्ज."

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाई ताईच्या गल्लीत पोचल्या. हातापाया पडून ताईला बॅग भरायला लावली आणि शेजारचं दार वाजवलं.

"मास्तरांचा अर्ज तज्ज्ञांनी बघितलाय की," शेजारी म्हणाला. "धोका असता तर नाही कशाला म्हणाले असते?"

"ती तज्ज्ञ मीच."

त्याने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "मग तुमचं तेव्हाचं खरं धरू की आताचं?"

दार बंद झालं. वरून बारीक खडे घरंगळत आले आणि गटारात पडले. बाईंनी मान वर केली नाही. त्या पुढच्या घराकडे वळल्या. अजून सोळा घरं उरली होती.