एकटीचं कडवं

माझ्या धाकट्या जावेनं स्वतःहून काही सोडलंय, असं मी तरी कधी पाहिलं नव्हतं. चर्चच्या गायनमंडळात एकटीनं म्हणायचं कडवं वर्षानुवर्षं तिचंच. मी आपली मागच्या रांगेत, 'आमेन'ला आवाज मिळवायला. आणि एक दिवस गायनमास्तर म्हणतात, "या रविवारी तुम्ही म्हणा. तिनंच सुचवलंय."

तिनंच! कुठंतरी पाणी मुरत होतं, हे शेंबडं पोरही सांगेल.

दुसऱ्या दिवसापासून बाईसाहेब माझ्या लाँड्रीत हजर. मी पडद्यांना इस्त्री करतेय आणि ही समोर स्टुलावर.

"काय हवंय?" मी विचारलं.

"काही नाही, ताई. म्हटलं, कडवं बसवून घेऊ." आवाज बसलेला. म्हणे सर्दी. भर उन्हाळ्यात!

टेबलावर बोटानं ताल धरून ती पुटपुटली, "तिसऱ्या ओळीआधी श्वास घ्या, नाहीतर शेवटी दम पुरत नाही."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, वा गं वा! नेमकं तिथंच अडवून माझं हसं करायचंय तुला. म्हणजे सगळे म्हणायला मोकळे, थोरलीला धाकटीची सर नाही. ती रोज यायची, मी रोज तेच 'काय हवंय?' विचारायचे. ती काहीतरी बोलायला तोंड उघडायची आणि मी गिऱ्हाईकाकडे वळायचे. आमच्या ह्यांना तर सांगून ठेवलं, "तुमच्या भावाला जरा चाचपून बघा." हे म्हणाले, "धन्य आहे तुझी!"

रविवारी गायला उभी राहिले. तिसऱ्या ओळीआधी हट्टानं श्वास घेतला नाही, आणि चौथ्या ओळीत दम संपला. अख्खं चर्च माझ्याकडे बघत होतं.

समोरच्या बाकावरून जाऊ अर्धवट उठली. मला सावरून घ्यायला तिनं तोंड उघडलं. मी मनात म्हटलं, हां, आता ही बाजी मारणार. पण नुसती घरघर बाहेर आली. गळ्यावर हात ठेवून ती मटकन खाली बसली.

मास्तरांनी सगळ्यांना गायला लावलं. मी खाली उतरून तिच्याशेजारी बसले.

"काय झालंय तुला? खरं सांग."

"घशात गाठ आहे. मंगळवारी ऑपरेशन. आवाजाचं काही सांगता येत नाही म्हणतात."

"अगं, मग मला सांगायचं नाहीस?"

"त्यासाठीच तर रोज येत होते, ताई. फार भीती वाटत होती."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं प्रार्थनेत मी हेच कडवं मागत आले होते. ते मिळालं, आणि समोर बसलेली बाई घाबरलीय एवढं मला दिसलं नाही.

मास्तरांनी पुढच्या कडव्यासाठी खूण केली. मी उठले नाही. तिचा हात घट्ट धरून म्हटलं, "प्रभू, कडवं परत घे. हिचा आवाज तेवढा राहू दे."

ती माझ्या कानाशी कुजबुजली, "आवाजाचं असू दे, ताई. मंगळवारी तुम्ही येणार ना?"