तपासणारीचा शब्द

पेट्रोल पंपाच्या भिंतीला लागून मिस्त्रींचं चाकांचं दुकान होतं. पुढे पत्र्याचं छप्पर, त्याखाली तेलाने आणि रबराने काळी पडलेली सिमेंटची जमीन, आणि मागे एक खोली. खोलीत हात धुवायचा नळ होता आणि चहापुरती शेगडी. दुकानात माणसं दोनच. मिस्त्री चाक बसवत आणि त्यांची बायको ते तपासत असे. तिला गिऱ्हाईकं वहिनी म्हणत, पंपावरचे लोक वहिनी म्हणत, आणि होता होता तेच तिचं नाव होऊन बसलं होतं.

तपासायचं म्हणजे नुसतं बघायचं नव्हे. ज्याने नट आवळला त्याने तो तपासायचा नाही, असा मिस्त्रींचा दंडक होता. माणूस स्वतःच्या कामाला लगेच शाबासकी देतो, असं ते म्हणत. म्हणून ते आधी सगळे नट बोटांनी बसवत, मग समोरासमोरचे असे एकाआड एक आवळत, गाडी जॅकवरून खाली उतरवत, चाक जमिनीला टेकलं की पुन्हा एकदा आवळत, आणि बाजूला होत. मग वहिनी पुढे यायची. तिच्या हातात लांब दांड्याचा टकपाना असायचा. दांड्यावर आकडे होते आणि कोणत्या गाडीला कोणता आकडा ते तिला पाठ होतं. तेवढा जोर पोचला की पाना आतून टक् करायचा, म्हणून त्याचं नाव टकपाना.

नट नीट आवळलेला असला की पाना लावल्या लावल्या टक् व्हायचं. वहिनी मोठ्याने म्हणायची, "बसला." नट कमी पडलेला असला तर टक् होण्याआधी तो थोडा पुढे सरकायचा. मग ती म्हणायची, "फिरला." तेवढा शब्द कानावर पडला की मिस्त्री त्या चाकाचे सगळे नट सैल करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत. असं क्वचित व्हायचं. झालंच तर ते हसून म्हणायचे, "आज सकाळी कोणाचं तोंड बघितलं होतं बरं मी?"

"माझंच," वहिनी म्हणायची. "दुसरं आहे कोण बघायला!"

पाना आणला तेव्हा मिस्त्रींनी तिला दोन गोष्टी बजावल्या होत्या. संध्याकाळी ठेवताना दांडा उलटा फिरवून आतली स्प्रिंग मोकळी करायची, सतत ताणलेली राहिली तर ती खोटं बोलायला लागते. आणि हा पाना कमी झालं ते सांगतो, जास्त झालं ते सांगत नाही. नट हवा त्याच्या दुप्पट आवळलेला असला तरी हा आपला टक् करून मोकळा. पहिली गोष्ट वहिनी रोज पाळायची. दुसरी तिने ऐकली आणि विसरून गेली, कारण मिस्त्रींच्या हातून जास्त कधी होतच नव्हतं.

मग मिस्त्रींच्या उजव्या अंगावरून वारं गेलं.

दुकान बरेच महिने बंद राहिलं. पाय परत आला, बोलणं परत आलं, हातही वर जायला लागला. घास तोंडात जातोय म्हटल्यावर मिस्त्रींनी किल्ल्या काढल्या. "बसून बसून मलाच गंज चढायचा," ते म्हणाले. वहिनीने कुलूप उघडलं आणि छपराखालची जमीन झाडून काढली.

पहिली गाडी आली ती ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या मास्तरांची. मिस्त्रींनी चाक बसवलं. वेळ लागला, घाम आला, पण आवळणं तेच, क्रम तोच. मास्तर पंपावर गप्पा मारत उभे होते. वहिनीने टकपाना पहिल्या नटाला लावला आणि दांडा खाली दाबला. नट सरकला. आणखी सरकला. टक् व्हायला इतका वेळ लागला की तिला वाटलं पानाच बिघडला. दुसरा नटही तसाच.

तिने बोलायला तोंड उघडलं आणि वर पाहिलं. मिस्त्री चिंधीने एकेक बोट पुसत उभे होते आणि तिच्याकडे बघत होते. डॉक्टर रिपोर्ट वाचत असताना ते डॉक्टरांकडे बघायचे, तसे.

"बसला," वहिनी म्हणाली.

मिस्त्रींनी मान हलवली आणि हात धुवायला आत गेले. त्या दिवशी संध्याकाळी ते पूर्वीसारखं जेवले.

त्या एका शब्दाने वहिनीला कामाला लावलं. आता नट सरकताना मिस्त्रींनी बघून चालणार नव्हतं, आणि सैल चाक रस्त्यावर सोडूनही चालणार नव्हतं. ते आत नळावर गेले की ती मोठा पाना नटाला लावायची, पदर खोचायची आणि दांड्यावर दोन्ही पाय देऊन उभी राहायची. अंगाचा सगळा भार टाकायची. मनात सारखं यायचं, चाक निखळलं तर? आत मुलंबाळं असली तर? म्हणून वर आणखी एक हिसका द्यायची. घट्ट असलेलं बरं, घट्ट नटाने कोणाचं काय बिघडलंय, अशी ती मनाची समजूत घालायची. नळाचं पाणी थांबायच्या आत मोठा पाना जागेवर गेलेला असायचा. मिस्त्री बाहेर येत तेव्हा ती टकपाना घेऊन बसलेली असे. टक्, टक्, टक्. सगळे लगेच. "बसला."

मिस्त्रींच्या चेहऱ्यावर रंग आला. ते गिऱ्हाईकांना म्हणू लागले, "हात गेला असं वाटलं होतं, पण नाही. अजून आहे." वहिनी मान खाली घालून टकपाना पुसत राहायची.

एके दिवशी दुपारी नर्सबाई आल्या. अंथरुणाला खिळलेल्या आजाऱ्यांच्या घरी जाऊन त्यांना औषध, इंजेक्शन देण्याचं काम त्या करत. गाडी जुनी, पण दिवसभर रस्त्यावर. थोड्याच आठवड्यांपूर्वी याच दुकानात तिला चारही टायर नवे घातले होते. गाडी त्यांनी एका हाताने चालवत आणली होती. दुसऱ्या मनगटाला पट्टी होती.

"मिस्त्री," त्या उतरता उतरताच म्हणाल्या, "चाकं बसवलीत की वैर काढलंत?"

"काय झालं, नर्सबाई?"

"काल पंक्चर झालं, दुसरं काय! स्टेपनी आहे, जॅक आहे, पाना आहे, आणि चाक काय मी पहिल्यांदाच बदलत नव्हते. पण नट हलेल तर शपथ! पान्यावर उभी राहिले, उड्या मारल्या. पाना सटकला नि मी खाली." त्यांनी मनगट वर धरलं. "शेवटी एक टँकरवाला आला. त्याने पान्याच्या दांड्यात पाईप घातला, तो आणि त्याचा क्लीनर दोघं लोंबकळले. तीन सुटले, चौथा ज्यावर बसतो तो स्टडच तुटला. म्हणाला, बाई, हे नट माणसाने आवळले की हत्तीने?"

मिस्त्री हसले नाहीत. वहिनी तर जागची हललीच नाही.

"चेष्टा सोडा," नर्सबाई बाकावर बसल्या. त्यांचा आवाज खाली आला. "माझ्या आजाऱ्यांत एक म्हातारे बाबा आहेत. हाडांपर्यंत दुखणं गेलंय. दुपारचं इंजेक्शन चुकलं की त्यांना धीर निघत नाही. मी पोचले तेव्हा पार ऊन उतरलं होतं. त्यांचं ओरडणं थांबलेलं होतं, कारण ओरडायला आवाजच उरला नव्हता. सून बाहेर पायरीवर कानांवर हात घेऊन बसली होती. मला म्हणाली, आता आलात?"

पंपावर कुणाची तरी गाडी सुरू होऊन गेली.

मिस्त्री उठले. त्यांनी नेहमीचा पाना घेतला आणि नर्सबाईंच्या पुढच्या चाकाला लावला. टँकरवाल्याने ज्याला हात लावला नव्हता असं ते चाक. त्यांनी जोर केला. दोन्ही हातांनी केला. नट दगडासारखा बसलेला होता. मग ते तिथेच उकिडवे बसले आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले.

"हे मी आवळलेलं नाही," ते म्हणाले.

"अहो, तुम्हीच तर—" वहिनी म्हणाली.

"अगं, मी आता ते सोडवू शकत नाही. मग आवळलं कसं असेल?"

मिस्त्रींनी मोठा पाना आणि पाईप मागितला, नर्सबाईंनीही हात लावला, आणि तिघांनी मिळून ते नट एकेक करून सैल केले. मग मिस्त्रींनी ते पुन्हा बोटांनी बसवले आणि आवळायला घेतले. समोरासमोरचे, एकाआड एक. मानेच्या शिरा फुगल्या. अंगात होतं नव्हतं तेवढं सगळं त्यांनी लावलं. शेवटचा नट झाला तसे ते मागे सरले, पण या वेळी नळावर गेले नाहीत.

"तपास," ते म्हणाले.

वहिनीने टकपाना लावला. दांडा खाली गेला, नट सरकला, सरकत राहिला, आणि कितीतरी वेळाने टक् झालं. तिने पाना नटावरून काढून घेतला.

"बोल."

"अहो, राहू दे ना आता."

"शब्द बोल. तपासणारीने शब्द बोलायचा असतो."

"फिरला," वहिनी म्हणाली.

"पुढचा."

"फिरला."

प्रत्येक नटाला तिने तेच म्हटलं. तिने डोळ्यांना पदर लावला. नर्सबाई उठून पलीकडे गेल्या आणि गाडीत काहीतरी शोधू लागल्या.

"मला तुमचं तोंड बघवलं नाही त्या दिवशी," वहिनी म्हणाली. "मास्तरांची गाडी होती. फिरला म्हणाले असते तर तुम्ही परत दुकानात पाऊल टाकलं नसतंत."

"नसतं टाकलं," मिस्त्री म्हणाले. "हात धुवायला मला इतका वेळ कधी लागत होता का गं? नळ मी का सोडून ठेवत होतो, ते मला विचारू नकोस."

मग त्यांनी आवळायचा पाना उचलून तिच्यापुढे धरला आणि तिच्या हातातला टकपाना काढून घेतला. दांडा लांब होता, डाव्या हाताने आणि थोड्या अंगाने तो दाबता येत होता. "पाय द्यायचा नाही," ते म्हणाले. "हिसका नाही. हात थांबेल तिथे थांबायचं. बाकीचं मी सांगतो."

वहिनीने आवळलं. मिस्त्रींनी पाना लावला. नट किंचित सरकला आणि टक् झालं.

"फिरला," मिस्त्री म्हणाले. "पुन्हा पहिल्यापासून."

तिसऱ्या खेपेला सगळे बसले. मग बाकीची चाकं झाली, तुटलेला स्टड काढून नवा घातला. नर्सबाई निघताना मिस्त्रींनी खिडकीवर हात ठेवला. "थोडं चालवा आणि परत दाखवायला आणा. आणि त्या बाबांकडे मला घेऊन चला. इंजेक्शन वेळेवर का आलं नाही, ते त्यांच्या सुनेला मी सांगतो."

"ती काय म्हणेल, सांगता यायचं नाही," नर्सबाई म्हणाल्या.

"म्हणू दे."

"मी पण येते," वहिनी म्हणाली.

गाडी गेली. मिस्त्री बाकावर बसले आणि त्यांनी फोन हातात घेतला. "दुकान उघडल्यापासून कोणाकोणाची चाकं बसवली? आठव."

वहिनीला सगळी आठवत होती. प्रत्येक चाकावर ती उभी राहिली होती.

पहिला फोन मास्तरांना लागला. त्यांचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता. "काय मिस्त्री! आज आमची आठवण?"

"मास्तर, गाडी घेऊन या. नट फार आवळले गेलेत. वाटेत चाक काढायची वेळ आली तर निघायचे नाहीत."

"फार आवळले? म्हणजे आजारपणाने ताकद वाढली की हो तुमची!"

मिस्त्रींनी फोन दुसऱ्या कानाला लावला. वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती.

"नाही, मास्तर," ते म्हणाले. "माझा हात गेलाय. नट आता माझ्याने आवळला जात नाही. ते कोणी तुम्हाला सांगितलं नाही, म्हणून हे झालं."

मग मास्तरांनी हळू आवाजात विचारलं, "मग आता चाकं बसवणार कोण?"

"बायको बसवेल."

"आणि तपासणार?"

"मी," मिस्त्री म्हणाले, आणि पुढच्या नंबरासाठी त्यांनी वहिनीकडे पाहिलं.