बोंडाची पाठवणी

लाल स्वेटरच्या बाहीत गुरुदत्तने कुत्र्याचा उजवा पंजा घुसवला, तोवर कुत्र्याने डावा बाहेर काढला होता.

"सर, स्वल्प घट्ट धरा," भव्या कानडी मिसळून म्हणाली. ती कुत्र्यांच्या पार्लरमधली मुलगी. तिच्या एका काखेत कुणाचं तरी दुसरं कुत्रं होतं आणि हातात ड्रायर. डिसेंबरची थंडी म्हणून सर्जापूर रोडच्या या पार्लरने प्रत्येक आंघोळीवर एक लाल स्वेटर फुकट ठेवला होता. त्यामुळे शनिवारी सकाळी तिथे आठ-दहा पांढरे गोळे एकाच रंगाच्या स्वेटरात फिरत होते आणि मंगल कार्यालयाबाहेर चपला शोधाव्यात तशी माणसं आपापली कुत्री शोधत होती. गुरुदत्तच्या तर एका कानात व्हाइटफील्डच्या ऑफिसची मीटिंग चालू होती. कुत्रं अर्ध्या स्वेटरातच हातून निसटलं, तसा त्याने हाताला लागलेला गोळा उचलून गाडीत टाकला आणि निघाला.

बोंडाची ही घरातली शेवटची आंघोळ. दुपारच्या आत तो के. आर. पुरमला, ऑफिसातल्या महांतेशकडे जायचा होता. कायमचा.

कारण आई. जूनमध्ये अनुसूयाबाई चामराजपेटेतलं घर सोडून मुलाच्या नवव्या मजल्यावर आल्या, त्या आपली मडी, म्हणजे सोवळं, बरोबर घेऊनच. सकाळी न्हाऊन धुतलेलं नेसलं, की पूजा-स्वयंपाक होईपर्यंत त्यांना कुणी शिवायचं नाही. घरातल्या माणसांना हे कळलं. बोंडाला कोण सांगणार? थंडी पडल्यापासून अनुसूयाबाई रोज दोनदा न्हायला लागल्या. परवा केस पुसता पुसता म्हणाल्या, "त्या कुत्र्यामुळे दोनदा न्हावं लागतं मला." बस, एवढंच. गुरुदत्तने त्याच संध्याकाळी महांतेशला विचारलं. शहात्तर वर्षांच्या आईला थंडीत कुडकुडवायचं, ते एका कुत्र्यासाठी? बारा वर्षांच्या आश्लेषाने तेव्हापासून बापाशी बोलणं टाकलं होतं.

घरी आल्या आल्या कुत्रं सोफ्याखाली जाऊन बसलं.

"रुसलाय तो," आश्लेषा म्हणाली. हे ती आईला म्हणाली, बापाला नव्हे. "त्याला सगळं कळलंय. नावाने हाक मारली तरी बघत नाही."

"कंडिशनर लावलंय ना, म्हणून वेगळा दिसतोय," सुप्रीता म्हणाली. "पण किती शहाण्यासारखा बसलाय बघ. जायच्या दिवशीच हे!"

गुरुदत्त फरशीवर पालथा पडला आणि सोफ्याखाली तोंड घालून म्हणाला, "बोंडा, माझा नाइलाज आहे रे. राग धरू नकोस." कुत्र्याने जांभई दिली आणि पाठ फिरवली. आपण ह्याच लायकीचे आहोत, असं गुरुदत्तला वाटलं.

तेवढ्यात महांतेश आला. निपाणीचा गडी, हातात नवीकोरी जाळीची बास्केट.

"आणा की आमच्या पाहुण्याला!"

गुरुदत्तने कुत्र्याला ओढून बाहेर काढलं. स्वयंपाकघराच्या दारात अनुसूयाबाई हातात पळी घेऊन उभ्या होत्या.

"हे कुणाचं कुत्रं आणलंस, गुरू?"

"आई, बोंडा आहे."

"बोंडा नाही हा."

"अगं, न्हाऊन आलाय, म्हणून—"

"मी जन्मभर न्हातेय. बदलले?"

"पण आई, तुम्ही तर त्याच्याकडे बघतसुद्धा नाही," सुप्रीता म्हणाली.

"बघायला कशाला लागतंय? आपला असता तर आत्तापर्यंत पायावर येऊन बसला असता."

महांतेशने कुत्र्याला उचललं, उलटंपालटं करून पाहिलं आणि घसा खाकरला. "गुरू, तुमचा बोंडा नर ना?"

"हो."

"मग ह्या बाई कोण?"

आश्लेषा हसत सुटली. दोन दिवसांत पहिल्यांदाच. सुप्रीता मात्र दुसऱ्याच गोष्टीवर अडली होती.

"पायावर? मडीत?"

अनुसूयाबाईंनी पळी या हातातून त्या हातात घेतली. "फटफटलं की बाल्कनीत जपाला बसते मी. तो येतो, पायावर हनुवटी टेकतो. जुन्या लुगड्याची चिंधी दिलीय गाठ मारून, ती तिकडून तो ओढतो, इकडून मी. थंडीत गुडघे धरतात माझे, तेवढीच हालचाल होते. मग न्हाते पुन्हा. त्यात काय एवढं?"

"तू म्हणालीस त्याच्यामुळे दोनदा न्हावं लागतं!"

"लागतंच. खोटं बोलले का मी? तक्रार कुठे केली? तुझं तूच ठरवलंस, मला विचारलंस?" मग आवाज चढवून, "सरी, बरं आता, उभा काय राहिलास? ती कुणाची लेक आहे ती देऊन ये, आणि आपला आण!"

पार्लरचा फोन लागेना. गुरुदत्त आणि महांतेश धावतच गेले. पार्लरच्या दारात एक जोडपं भव्याशी भांडत होतं. त्यांची प्रिन्सेस घरी गेल्यापासून गाडीच्या चारही चाकांवर पाय वर करत होती. पाचवं चाक डिकीत असल्यामुळेच वाचलं होतं. आताही बाई "प्रिन्सेस, नो, प्रिन्सेस!" म्हणत मिनतवाऱ्या करत होती आणि बोंडा, अंगात अर्धाच स्वेटर, पाय वर करून पार्लरच्या पाटीला उत्तर देत होता.

घरी लिफ्टचं दार उघडलं तसा बोंडा सुटला. आश्लेषाला ओलांडून, सुप्रीताला ओलांडून तो थेट स्वयंपाकघराच्या दाराशी गेला आणि अनुसूयाबाईंच्या पायांवर फतकल मारून बसला.

"अय्यो, हो लांब! मडीत आहे मी!" त्या ओरडल्या. पाय मात्र जिथल्या तिथे.

महांतेश बास्केट घेऊन पुढे आला. "मग आज्जी, नेऊ का ह्याला?"

"ने की. मी कुठे अडवलंय? माझं काय जातंय?" अनुसूयाबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "फक्त तिथून उठव त्याला. मला न शिवता."

महांतेश वाकला. त्याने डावीकडून पाहिलं, मग उजवीकडून. लुगड्याच्या निऱ्या कुत्र्यावर पसरल्या होत्या आणि कुत्रं निऱ्यांत शिरलं होतं. हात घालायला बोटभर जागा नव्हती. गुरुदत्त लक्ष देऊन पंख्याकडे बघत होता.

महांतेश सरळ झाला.

"वहिनी," तो सुप्रीताला म्हणाला, "कॉफी मिळंल काय जरा?"