सोवळ्यातला चिमटा

मी एक जुना लोखंडी चिमटा आहे. हातभर लांब, टोकाशी दातेरी आणि मित्रांनो, स्वभावाने मुळीच गरीब नाही. पेशवाईत कसबा पेठेतल्या संपत लोहाराने मला लाल होईपर्यंत तापवून बडव बडव बडवले. मार खाऊनच जन्मलो, त्यामुळे पुढे हातून जे घडले त्याचे मला फारसे नवल वाटले नाही.

मला घडवून घेतले नारायण पेठेतल्या यज्ञेश्वर वैद्यांनी. कवड्या-शंख जाळून औषधी भस्मे करण्यात त्यांचा जन्म गेला, पण समुद्र कधी पाहिला नव्हता. एका सरदाराने त्यांना गलबतात बसवून दूरच्या प्रवाळबेटांवर धाडले. तिथल्या किनाऱ्यावर बिनहाडाचे जीव कोणकोणते, याची यादी करून आणायची होती. वैद्यबुवांना त्या जीवांना शिवायचे नव्हते, म्हणून मी. आणि मला चालवायला खराडीचा गेनबा, त्यांच्या शेतावरचा गडी. त्याने पहिल्याच दिवशी समुद्राच्या पाण्याने चूळ भरली आणि थुंकत म्हणाला, "बुवा, एवढं पाणी, आन् सारं नासवलंय की वो कुणी!"

बेटावर आम्ही कत्तलच मांडली. खडकाला चिकटलेल्या शिंपल्या मी उपटल्या. अर्धे मांस खडकावरच राही. खेकड्यांचे पाय मोडले. एकाने मरता मरता गेनबाच्या पोटरीचा लचका तोडला. काकडीसारख्या एका मऊ जीवाला आवळले, तर त्याने आपली आतडीच माझ्यावर ओकली. बुवा लांब उभे, धोतर गुडघ्यापर्यंत धरून. "बत्तिसावा. पुढचा आण!"

दिवस संपला की मला राखेने घासून विस्तवात लाल करत. स्वयंपाकाचा चिमटा वाटेतच समुद्रात पडला होता, तेव्हा बुवांच्या चुलीतले निखारेही मलाच उचलावे लागत. दिवसा खाटीक, संध्याकाळी आचारी.

यादी साठावर आली. दुसऱ्या दिवशी गलबत निघणार, आणि नेमके निघण्याच्या आदल्या दिवशी बुवांच्या वडिलांचे श्राद्ध. मला शुद्ध करून पिंडांच्या भाताच्या चुलीपाशी ठेवले. दुपारी ओहोटी लागली. खडकाची एक कड तेवढी पाहायची उरली होती.

"बुवा, चिमटा द्या," गेनबा म्हणाला.

"सोवळ्यात आहे तो. आज हातानेच वेच."

"चावलं म्हंजी?"

"तुझे हात काय लोण्याचे आहेत?"

गेनबा हसला. "लोणी तुमच्या घरला, बुवा. आमच्यात हातच."

तो परत आला तेव्हा त्याच्या मुठीत एक निमुळता शंख होता, वर खणासारखी नक्षी. "आमच्या सोजराच्या चोळीवानी हाय बगा," तो म्हणाला, आणि एकदम हात झटकला. शंखाच्या टोकातून सुईएवढी सोंड निघून तळव्यात घुसली होती. "मधमाशी डसावी तसं झालं." मग त्याचे ओठ बधिर झाले. पापण्या मिटल्या त्या उघडेनात. गुडघे दुमडले. बुवांनी दंड आवळून बांधला, काढा पाजला. तो घशाखाली उतरला नाही. उन्हे कलायच्या आत श्वास थांबला. चुलीवर भात करपला. मी चार हातांवर पडून होतो, लख्ख आणि स्वच्छ.

पुण्यात परतल्यावर बुवांनी यादी सुवाच्य उतरवली. शेवटी लिहिले: "एकसष्टावा. नक्षीदार शंख. विषारी. चिमट्याने उचलावा."

गेनबाची बायको सोजरबाई खराडीहून चालत आली. बुवा ओसरीवर होते, शेजारी मी आणि शंखांची परडी. दारात त्यांची विधवा बहीण आनंदीबाई. त्यांना वाचता येत असे.

सोजरबाईने यादीकडे बोट केले. "इखारी हाय हे कुणामुळं कळलं, ते लिवलंय का?"

"ही जीवांची यादी आहे, बाई. माणसांची नव्हे."

तिने मला उचलले. आधी परडीवर घाव घातले. बेटावरून आणलेल्या शंखशिंपल्यांचा चुरा झाला. मग बुवांची डावी करंगळी माझ्या दातांत धरून आवळली.

"लिवा. उजवा हात मोकळाच हाय."

बुवांनी एक ओळ लिहिली.

"आक्का, वाचा," सोजरबाई म्हणाली.

आनंदीबाईंनी वाचले, "'एक चाकर दगावला.'"

सोजरबाईने आणखी आवळले. हाड कडकन मोडले. ते मला आतून कळले.

"अगं, धर ना तिला!" बुवा बहिणीवर ओरडले.

"मी सोवळ्यात आहे, दादा," आनंदीबाई म्हणाल्या.

बुवांनी ओळ खोडून पुन्हा लिहिले. आनंदीबाईंनी दुसऱ्यांदा वाचले ते असे: "गेनबा, मौजे खराडी. चिमटा असून दिला नाही, म्हणून हाताने उचलला आणि मेला."

"आता बराबर," सोजरबाई म्हणाली. मला तिथेच टाकून ती चालू लागली.

आता माझे दाते झिजलेत, अंगावर गंज आहे. तरी मित्रांनो, मला घासूनपुसून फडताळात ठेवू नका. तसा मी फार छान दिसतो; त्या दुपारीही दिसत होतो. मला मळवा, तापवा, वाकलो तर ठोकून सरळ करा. लोखंड पुन्हा बडवता येते. हात पुन्हा घडत नाही.