शोभाचं पान

कोठी भागातल्या एका पुस्तकांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, प्राजक्ता छपाईसाठी पुस्तकांच्या पानांची मांडणी करून द्यायची. बहुतेक कामं इंग्रजी, नाहीतर तेलुगू. मराठी घरात बोलली जायची, पण वाचायला बसली की तिला अक्षर अक्षर जुळवावं लागे. नामदेवरावांना तिनं हे सांगितलं नव्हतं.

विद्यानगरचे नामदेवराव तिच्या वडिलांचे मित्र. नांदेडकडून नोकरीसाठी आलेले, इथंच निवृत्त झाले, आणि आता आठवणींचं पुस्तक काढत होते. आपल्यातली पोरगी पुस्तक करतेय, याचं त्यांना भारी कौतुक. त्यांचं मागणं एकच होतं, की प्रत्येक प्रकरण नव्या पानावर सुरू व्हावं आणि मथळ्याभोवती भरपूर मोकळी जागा असावी.

छापखान्यातून निरोप आला, पानं फार होतायत, थोडी आवळा. प्राजक्तानं मथळ्यांच्या वरखालची जागा एकदम कमी केली, प्रकरणं एकाखाली एक सोडली, रिकामी पानं काढून टाकली. काकांना पुन्हा प्रूफ दाखवलं नाही. ते जागेसाठी हटून बसतील, हे तिला ठाऊक होतं.

जामबागेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये प्रकाशन झालं. पाहुणे पुस्तक चाळत होते. नामदेवरावांची मेहुणी शैलाताई एका पानावर थबकल्या.

"भावजी, ताईबद्दल हे असं लिहिलंत?"

पानावर ठळक अक्षरांत 'शोभा' होतं आणि लगेच खाली, तेवढ्याच ठळक अक्षरांत, 'सुटका'.

बायकोच्या जाण्याबद्दल नामदेवरावांना एक ओळही लिहिता आली नव्हती. म्हणून त्यांनी फक्त तिचं नाव ठेवून पान कोरं सोडलं होतं. 'सुटका' हे पुढचं प्रकरण, नोकरी संपल्याचं. मधलं कोरं पान प्राजक्तानं गिळलं होतं.

नामदेवरावांनी पुस्तक हातात घेतलं.

"चूक माझी आहे, शैला. मी नीट बघितलं नाही."

शेजारच्याच खुर्चीत प्राजक्ता बसली होती, मांडीवर सत्काराचा गुच्छ. त्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती गुच्छाचा कागद नीट करत बसली. नंतर जेवताना कुणीतरी मुखपृष्ठ छान झालंय म्हणालं, तर ती चक्क थँक्यू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आधी ती काकांकडे गेली. ते एवढंच म्हणाले, की जाऊ दे पोरी, पुढच्या वेळी वाचून बघत जा. तेवढ्यानं तिचं समाधान झालं नाही. ती शैलाताईंच्या दारात उभी राहिली. मराठी धड वाचता येत नाही इथपासून सगळं सांगितलं.

शैलाताईंनी ऐकून घेतलं.

"मला सांगून काय होणार? काल सगळ्यांसमोर म्हातारा माणूस ऐकून घेत होता. तेव्हा बोलायचं होतंस."

न वाटलेल्या प्रतींमधलं ते पान प्राजक्तानं नव्यानं छापून घेतलं आणि शोभाचं कोरं पान परत घातलं. वाटलेल्या प्रती लोकांच्या घरी तशाच राहिल्या.